नटाचे फॅन आहोत, टीव्हीवाले दारात आलेत, आता काय करायचं

आमचं मंडळ मालवण तालुक्यातलं, पंचवीस-तीस जण, त्यातले निम्मे मासेमारीत, बाकी कोण रिक्षा चालवतो कोण होमस्टे चालवतो आणि चार-पाच जण मुंबईला. कुठल्या नटाचं मंडळ ते मुद्दाम सांगत नाही, कारण नाव घेतलं की तो भारी की दुसरा भारी हेच सुरू होतं आणि मला जे सांगायचंय ते बाजूला राहतं. सांगायचंय ते हे, की बातमीत फॅन लोकांना कसं दाखवतात, का दाखवतात, आणि आपल्याला नीट माणूस म्हणून दाखवावं असं वाटत असेल तर आपण आपल्या बाजूने काय करायचं. हे सगळं आम्ही शिकलो एका काकीमुळे, म्हणून आधी तिचं सांगतो.

काकी आमच्या वाडीतली, मासे विकते. तिचा धाकटा भाऊ ट्रॉलरवर खलाशी होता, ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ झालं त्यात जो गेला तो परत आलाच नाही. त्या भावाला आमचा नट जाम आवडायचा, लहानपणी दोघं भावंडं वाडीत कोणी भाड्याने व्हीसीआर आणला की पहाटेपर्यंत जागून त्याचे पिक्चर बघायची. तर तीन वर्षांपूर्वी हाच नट आमच्या किनाऱ्यावर शूटिंगला आला तेव्हा काकी पिशवीत सुका गोलमा, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, बांधून घेऊन गेली, उन्हात चार तास उभी राहिली, आणि तो गाडीतून उतरला तसं तिला रडूच कोसळलं, तिने हात पुढे केला, बाउन्सरने तिला मागे ओढली आणि ती वाळूत पडली. एका चॅनलच्या मुलाने माईक पुढे धरला तेव्हा ती म्हणाली, "माझ्या भावाक हो भारी आवडायचो. ह्येका बघलंय काय माका भाव आठवता."

संध्याकाळी बातमी लागली, अकरा सेकंदांची. रडणारा चेहरा, पुढे केलेला हात, बाउन्सरचा धक्का, हेच तीनदा फिरवलेलं, मागे कॉमेडी सिरीयलसारखं म्युझिक आणि खाली पट्टी, महिला फॅन बेभान, सेटवर राडा. भावाचं वाक्य कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जेटीवर लिलाव चालू असताना लोक मोबाईल काढून तिलाच तो व्हिडिओ दाखवत होते. आठ दिवस ती बाजारात बसली नाही. "माझा हसा केल्यानी रे," एवढंच म्हणायची आणि गप्प व्हायची. त्या आठ दिवसांत आम्ही मंडळातले सगळे रोज संध्याकाळी बसायचो आणि हेच बोलायचो, की हे परत कोणाच्या बाबतीत होऊ द्यायचं नाही.

तर पहिलं काम म्हणजे बातमी बघायला शिका. पुढच्या वेळी कुठल्याही नटाच्या फॅनची बातमी लागली की आवाज बंद करून बघा, मग नुसता आवाज ऐका, आणि स्वतःला विचारा की यात एकाही फॅनचं नाव आलं का, तो काय काम करतो ते आलं का, त्याचं एक तरी पूर्ण वाक्य आलं का. बहुतेक वेळा नाही येत. अमेरिकेतल्या जोली जेन्सन नावाच्या अभ्यासक बाईंनी १९९२ साली लिहून ठेवलंय की फॅन दाखवायचे दोनच ठरलेले साचे असतात, एक म्हणजे एकटा पछाडलेला माणूस जो नटाच्या मागे लागलाय, आणि दुसरा म्हणजे भान हरपलेली किंचाळणारी गर्दी. मला ते वाचून कसंतरीच झालं, कारण काकीला आधी गर्दीतून उचलून पछाडलेली केली आणि मग परत गर्दीत टाकली, म्हणजे अकरा सेकंदांत दोन्ही साचे वापरून झाले. मुळात फॅन हा शब्दच इंग्रजीतल्या फॅनॅटिकवरून आलेला, म्हणजे वेडा, धर्मवेडा, आणि आपल्याकडे चाहता असा इतका चांगला शब्द असताना पट्टीवर त्याच्याआधी 'वेडा' लावल्याशिवाय हेडिंगवाल्यांचं भागत नाही.

बघा ना, राजेश खन्नाच्या काळापासून हेच चाललंय. मुली रक्ताने पत्रं लिहायच्या, त्याच्या गाडीला लिपस्टिकचे डाग असायचे, हे पन्नास वर्षं प्रत्येक लेखात येतं, पण त्यातली एक तरी मुलगी कोण होती, पुढे तिचं काय झालं, तिला त्या माणसात काय दिसलं, हे कोणी शोधून लिहिलेलं मी तरी वाचलं नाही. १९८२ च्या जुलैत अमिताभ बच्चनला बंगळुरूला शूटिंगमध्ये पोटाला लागलं, तो मुंबईत हॉस्पिटलमध्ये पडून होता तेव्हा देशभर लोकांनी नवस बोलले, उपास केले. माझी आई सांगते की आमच्या गावात पण देवळात गाऱ्हाणं घातलं होतं. आता गाऱ्हाणं म्हणजे काय ते आपल्याला कळतं, घरातलं माणूस आजारी असलं की आपण घालतो तेच. पण बाहेरून बघणाऱ्याला ती अंधश्रद्धा दिसते नाहीतर तमाशा दिसतो.

दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कन्नडचे मोठे नट डॉ. राजकुमार एप्रिल २००६ मध्ये गेले तेव्हा बंगळुरूत दंगल झाली, जाळपोळ झाली, माणसं मेली, ते खरंच आहे आणि ते दाखवलंच पाहिजे. पण त्याच राजकुमारांनी नेत्रदानाचा संकल्प आधीच केला होता आणि त्यांचे डोळे दान झाले. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांचा मुलगा पुनीत, तो पण नटच, गेला, त्याचेही डोळे दान झाले, चार जणांना दिसायला लागलं, आणि त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचे फॉर्म भरायला माणसांची रीघ लागली. ती रीघ म्हणजे पण फॅनच होते ना. पण फॅन म्हटल्यावर डोळ्यासमोर काय येतं तर जळणारी बस. फॉर्म भरायला लाईनीत उभा असलेला माणूस येत नाही कारण त्याचा शॉट 'दिसत' नाही.

आणि हे 'दिसणं' समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तालुक्याचा जो बातमीदार असतो त्याला बहुतेक ठिकाणी पगार नसतो, बातमीमागे पैसे मिळतात, ते पण वेळेवर नाही. तो आपल्या मंडळाकडे येतो, चाळीस मिनिटं शूट करतो, ते मुंबईला पाठवतो, तिथे डेस्कवर बसलेल्या मुलाला किंवा मुलीला मालवण कुठे आणि कणकवली कुठे ते माहीत नसतं आणि हातात दहा मिनिटं असतात. त्या दहा मिनिटांत जो शॉट आवाज बंद असतानाही कळतो तोच निवडला जातो, म्हणजे नाच, कटआउटवर ओतलेलं दूध, फटाके, रडणं. हेडिंग पण तिथेच पडतं. आमच्याकडे आलेला मुलगा चार दिवसांनी स्वतः काकीच्या घरी आला होता, त्याने भावाचं वाक्य पाठवलं होतं, ते वर कापलं गेलं, त्याला पण वाईट वाटत होतं. म्हणून बातमीदाराला शत्रू समजू नका. तो आपल्यातलाच असतो, उद्या परत त्याच्याच रिक्षास्टँडवर भेट होणार असते.

आता करायचं काय ते.

एक कागद तयार ठेवा. एकच पान, दोन्ही बाजूंना नको, मराठीत टाईप केलेलं. मंडळाचं नाव, गाव, तालुका, कधीपासून, किती जण (खरा आकडा लिहा, तीस असाल तर तीस, तीनशे लिहिलंत आणि फोटोत तीस दिसले की पुढचं काहीच कोणी खरं मानत नाही), वर्षभरात काय काय केलं तारखेसकट, बोलायला कोण त्याचं नाव आणि नंबर. गावाचं नाव ठळक लिहा कारण डेस्कवर त्याची वाट लागते, आमच्या एका बातमीत आचरा होतं ते आचारा छापून आलं. वीस झेरॉक्स काढून मंडळाच्या कोणा एकाच्या दुकानात ठेवायच्या आणि पीडीएफ सगळ्यांच्या मोबाईलमध्ये. बातमीदार आला की चहाच्या आधी कागद हातात द्यायचा. आमचा अनुभव असा की कागद दिल्यावर बातमीत निदान नाव आणि गाव येतंच, कारण डेस्कवर आयतं टाईप केलेलं मिळतं.

बोलणारी माणसं आधी ठरवा, दोन पुरे, त्यातली एक बाई असलीच पाहिजे. याचं कारण सांगतो. बायका फॅन असल्या की बातमीत त्या नेहमी 'दिवाण्या' नाहीतर 'लट्टू' होतात, आणि प्रश्न ठरलेला असतो, नवरा काय म्हणतो. पुरुषाला कोणी विचारत नाही बायको काय म्हणते. आमच्याकडे आता एक वहिनी बोलते, बचत गटाचा हिशोब ठेवणारी, तिने एकदा या प्रश्नावर सरळ सांगितलं, "नवरा पण फॅनच आहे, त्याला पण हाच प्रश्न विचारा, मग मी उत्तर देते." तेव्हापासून तिला तो प्रश्न कोणी विचारला नाही.

अध्यक्षच बोलला पाहिजे असं काही नाही. उलट अध्यक्षाला पुढच्या नगरपंचायतीला उभं राहायचं असेल तर त्याला अजिबात बोलायला देऊ नका, राग येईल त्याला, येऊ दे. आणि बॅनरवर शुभेच्छुक म्हणून कुठल्याही पक्षाच्या माणसाचा फोटो नको. तो देतो दोन हजार रुपये, पण मग बातमी त्याची होते, फॅनची राहत नाही, आणि नटाला पण नाहक त्यात ओढतात. हे आमच्या मंडळात भांडण होऊन ठरलंय, दोघं सोडून गेले त्यावरून, तरी मी म्हणेन की बरोबरच ठरलं.

मुलाखतीच्या आधी विचारायला लाजू नका, कुठलं चॅनल, लाईव्ह आहे की रेकॉर्डेड, बातमी कशावर आहे, पिक्चरवर की गर्दीवर की कुठल्या भांडणावर. विचारणं हा उद्धटपणा नाही. आणि आपल्यातल्या कोणीतरी बाजूला उभं राहून पूर्ण मुलाखत मोबाईलवर रेकॉर्ड करायची, उघडपणे, सांगून. किनाऱ्यावर असाल तर वाऱ्याने नुसता घोंघाट रेकॉर्ड होतो, तेव्हा होडीच्या आडोशाला किंवा माडाच्या बुंध्याला पाठ करून उभे रहा, मोबाईल आडवा धरा.

प्रश्न साधारण तेच ते असतात, म्हणून उत्तरांची तयारी करता येते. देव मानता का? घरचे काय म्हणतात? किती वेळा बघितला? पिक्चर पडला तर काय कराल? आणि सगळ्यात घातक म्हणजे, त्याच्यासाठी जीव द्याल का? जोशात माणूस हो म्हणतो. ते एक 'हो' कापून कुठेही लावता येतं. म्हणून हो-नाहीत उत्तर द्यायचंच नाही, पूर्ण वाक्यात द्यायचं, आणि वाक्य असं बांधायचं की मधून तोडलं तर अर्धवट वाटलं पाहिजे. आमच्या एका खलाशी पोराचं उत्तर मला फार आवडतं, तो म्हणाला, "जीव आईबापाचा आहे तो नाही देणार, पण रक्त देतो दर तीन महिन्यांनी आणि ते त्याच्या वाढदिवसापासून सुरू केलंय." आता यातलं कुठेही कापा, रक्त येतंच. आणि ते खरं पण आहे. आमच्या जिल्ह्यातले कितीतरी पेशंट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजला न्यावे लागतात, तिथे रक्ताची गरज पडली की रात्री फोन येतो आणि मंडळातली पोरं गाडी काढून जातात. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी देता येतं, त्याप्रमाणे आमच्याकडे वही आहे कोणी कधी दिलं त्याची. ती वही कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवा. वही पण 'दिसते'.

देव मानता का या प्रश्नावर मी स्वतः काय सांगतो ते लिहितो, कोणाला उपयोगी पडलं तर वापरा. मी दशावताराचं सांगतो. आमच्याकडे जत्रेला रात्रभर दशावतार चालतो, पहाटेपर्यंत आबालवृद्ध बसलेली असतात, लोकराजा सुधीर कलिंगण यांचा प्रयोग आहे म्हटल्यावर माणसं गावं ओलांडून जायची, राजाचं काम संपलं की आत रंगपटात जाऊन पाया पडायची, आणि त्याच माणसाशी सकाळी चहाच्या टपरीवर बसून गप्पा मारायची. म्हणजे रात्री तो राजा असतो आणि सकाळी आपल्यातला माणूस, हे दोन्ही आम्हाला एकदम कळतं, त्यात गोंधळ नसतो. चिपळूणचे डॉ. काशिनाथ घाणेकर, नाटकाच्या जाहिरातीत सगळ्यांची नावं झाल्यावर 'आणि' म्हणून त्यांचं नाव यायचं, त्यांच्या एन्ट्रीला थिएटरात शिट्ट्या पडायच्या. त्या शिट्ट्या मारणारे लोक वेडे होते का? दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाणारे, पोरांची फी भरणारे लोक होते ते. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली मुंबईच्या रंगमंचावर नेली तेव्हा गिरणगावातले चाकरमानी तीच नाटकं परत परत बघायला जायचे, कारण तिथे बसल्यावर घरची भाषा ऐकायला मिळायची. नटावर प्रेम म्हणजे बरेचदा त्याच्यातून आपलं काहीतरी परत मिळणं असतं. काकीला भाऊ मिळतो, कोणाला गाव मिळतं. हे एवढं सगळं टीव्हीवर बोलता येत नाही, पण त्यातलं एक वाक्य तरी बोला.

आता एक गोष्ट कडू आहे पण बोललीच पाहिजे, की सगळाच दोष बातमीवाल्यांचा नाही. कटआउटवर दूध ओतायचं आणि मग म्हणायचं आमचं दूधच का दाखवता, हे नाही चालणार. रजनीकांतच्या कटआउटवर दूध ओतण्याचे शॉट वर्षानुवर्षं दाखवून दाखवून ते म्हणजेच फॅन असं झालंय, आणि आपल्याकडची पोरं टीव्हीवर बघून तेच करायला लागलीत, म्हणजे साचा बातमीने बनवला आणि आपण त्यात जाऊन बसलो. आमच्या मंडळाने दूध बंद केलं, त्या पैशाचं दूध अंगणवाडीत देतो, फोटो न काढता. नोव्हेंबर २०२३ मध्ये मालेगावला थिएटरच्या आत फटाके फोडले, भरलेल्या हॉलमध्ये, आत लहान मुलं असतील म्हातारी माणसं असतील, ते कुठल्याही प्रेमात बसत नाही आणि ते दाखवलं हे बरंच झालं. जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटकात गदग जिल्ह्यात कन्नड नट यशच्या वाढदिवसाचा कटआउट उभा करताना विजेचा धक्का बसून तीन पोरं गेली. त्यांच्या घरी काय झालं असेल याचा विचार करा. आपल्याकडे तर पावसाळ्यात वारा कसा असतो ते सांगायला नको, मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पत्रे, पोल, झाडं सगळं उडालेलं आपण बघितलंय. म्हणून वायरीजवळ बॅनर नाही, जूननंतर उंच कटआउट नाही, परवानगीशिवाय तर नाहीच. परवानगीचा कागद फोटो काढून ठेवा, बातमीत 'अनधिकृत बॅनर' आलं तर तोच लागतो.

गर्दीबद्दल मात्र माझं ठाम मत आहे आणि ते मी प्रत्येक ठिकाणी मांडतो. ४ डिसेंबर २०२४ ला हैदराबादला संध्या थिएटरला प्रीमियरच्या वेळी एक बाई गेली आणि तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये तामिळनाडूत करूरला तमिळ नट विजयच्या राजकीय सभेत चेंगरून ४१ माणसं गेली. अशा वेळी बातमीत वाक्य कसं येतं बघा, 'चाहत्यांच्या गर्दीमुळे चेंगराचेंगरी'. म्हणजे जे मेले तेच कारण. दरवाजे किती होते, बाहेर पडायची वाट होती का, वेळ किती पुढे ढकलली, पाणी होतं का, बंदोबस्त किती होता, हे प्रश्न नंतर येतात नाहीतर येतच नाहीत. एवढी माणसं जमणार हे आयोजकांना कळत नाही का? ती जमावी म्हणूनच तर जाहिरात असते. पिक्चरच्या प्रमोशनवाल्यांना पण गर्दीचाच शॉट हवा असतो, गर्दी नीट उभी राहिली तर तो शॉट होत नाही. तेव्हा आपल्याकडे कोणी येणार असेल तर मंडळाने आधी आयोजकांना लेखी विचारायचं, किती लोकांची जागा, बायकामुलांची वेगळी बाजू आहे का, ॲम्ब्युलन्स कुठे उभी राहील. उत्तर नाही आलं तर पोलीस ठाण्यात तोच अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. मालवणला मामा वरेरकर नाट्यगृहाच्या बाहेर एका कार्यक्रमाला आम्ही दोरी धरून रांग केली होती, साधी रापणीची जुनी दोरी, पण बायका म्हणाल्या पहिल्यांदा धक्काबुक्की न होता आत गेलो. तान्ह्या मुलांना अशा ठिकाणी आणू नका, आणि आणलंच तर मुलांचे चेहरे कॅमेऱ्यात येऊ देऊ नका, आईबापाला विचारल्याशिवाय कोणालाच.

स्वतःचा व्हिडिओ स्वतः काढा, आणि बातमीच्या आधी टाका. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा आमची अकरा पोरं फावडी घेऊन गेली होती, तीन दिवस लोकांच्या घरांतला चिखल काढला, आणि एकाकडेही नीट फोटो नाही कारण त्या वेळी ते सुचलंच नाही, सुचायला पण नको होतं खरं तर. पण त्यामुळे झालं काय की आमच्या नटाच्या नावाने इंटरनेटवर शोधलं तर काकीचा व्हिडिओ वर येतो आणि चिखल काढलेला कुठेच नाही. तेव्हा आता एकाला तेवढंच काम दिलेलं असतं. एक मिनिटाचा, गाव आणि तारीख बोलून सुरुवात, ज्याची मदत केली त्याचा चेहरा दाखवायचा नाही, फक्त कामाचे हात.

एवढं करूनही वाईट बातमी लागली तर. पहिल्या तासात काहीच लिहायचं नाही, कमेंटमध्ये तर नाहीच. बातमीदाराला फोन करून शिव्या देणं, बाई असेल तर तिच्या प्रोफाइलवर जाऊन घाण लिहिणं, हे आपल्यातल्या कोणी केलं तर त्याला त्याच दिवशी मंडळातून काढायचं. कारण मग त्यांचा साचा खराच ठरतो, आणि ज्या बाईला ते वाचावं लागतं तिच्यावर आपण तेच करतो जे काकीवर झालं.

करायचं ते हे. स्क्रीन रेकॉर्ड करून घ्या, तारीख वेळ दिसली पाहिजे, लिंक सेव्ह करा, नंतर ते काढून टाकतात. मग लेखी तक्रार. टीव्ही चॅनल असेल तर आधी चॅनललाच लिहायचं, बातमी लागल्यापासून सात दिवसांच्या आत, कारण न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटी म्हणून चॅनलांचीच एक संस्था आहे तिचा तसा नियम आहे, चॅनलच्या उत्तराने समाधान झालं नाही तर चौदा दिवसांत तिच्याकडे जाता येतं, फक्त ते चॅनल तिचं सभासद असलं पाहिजे. हे कागदावरचं नाही नुसतं, २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूच्या बातम्यांवरून याच संस्थेने, तेव्हा नाव थोडं वेगळं होतं, काही मोठ्या चॅनलना टीव्हीवर माफी मागायला सांगितली होती. पेपर असेल तर आधी संपादकाला पत्र, मग दिल्लीच्या प्रेस कौन्सिलकडे, दैनिकासाठी छापल्यापासून दोन महिन्यांची मुदत असते. प्रेस कौन्सिल दंड करू शकत नाही, ताशेरे ओढते, पण संपादकाला तेवढंही नको असतं. वेबसाईटवरची बातमी असेल तर २०२१ च्या आयटी नियमांत त्यांनी तक्रार अधिकारी ठेवावा आणि पंधरा दिवसांत निर्णय द्यावा असं लिहिलंय, त्या अधिकाऱ्याचं नाव वेबसाईटवर शोधा, खाली बारीक अक्षरात असतं.

तक्रारीत रागाचं वाक्य नको. काय दाखवलं, काय कापलं, त्याने कोणाचं काय नुकसान झालं, आणि काय हवंय, काढून टाकणं, दुरुस्ती, की माफी, हे एवढंच. जिचं नुकसान झालं तिच्या सहीने द्या, मंडळाच्या लेटरहेडवर नको, मंडळ म्हटलं की परत गर्दी आली. आमची तक्रार उशिरा गेली, सात दिवस होऊन गेले होते, आम्हाला माहीतच नव्हतं. तरी त्या बातमीदार मुलाने मध्ये पडून वर बोलणं केलं आणि दीड महिन्याने तो व्हिडिओ चॅनलच्या पेजवरून निघाला. बाकीच्यांनी उचललेला अजून फिरतो, त्याला इलाज नाही झाला.

काकीला आम्ही नंतर विचारलं होतं की परत कधी कॅमेऱ्यासमोर बोलशील का, ती नाही म्हणाली, आणि नाही म्हणजे नाही, कोणाला बोलतं करायचा हट्ट मंडळाने धरू नये. पण या वर्षी कागद नवीन टाईप करायला घेतला तेव्हा ती स्वतः झेरॉक्सच्या दुकानात आली, हातात मासळीची टोपली तशीच, आणि म्हणाली ह्यात सगळ्यात वर माझ्या भावाचं नाव घाल, पहिला फॅन म्हणून, आणि तो कुठल्या ट्रॉलरवर होता ते पण घाल. दुकानातल्या पोराने दोनदा विचारलं नाव कसं लिहायचं. तिने उभं राहून अक्षर अक्षर तपासलं, बरोबर आहे म्हणाली, आणि एक कॉपी प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी घेऊन गेली.